ब्रायोनियाचा माणूस पडून राहतो

निवृत्तीनंतर मी होमिओपॅथी शिकलो. शिकलो म्हणजे, आमच्या गल्लीत एक पदवीधर होमिओपॅथ डॉक्टर आहेत, त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर वर्षभर जाऊन बसलो. अमरावतीच्या उन्हाळ्यात त्यांचा कूलर चांगला चालायचा हे आधीच सांगून टाकतो. ज्ञानाची तहान वगैरे मला नंतर लागली.

त्याआधी बत्तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात टिपण्या लिहिल्या. साहेब बदलून जायचे, माझी टिपणी फायलीत राहायची. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘तथापि’ यांच्या संगतीत माणसाचं जे होतं ते माझंही झालं. परतवाड्याच्या घरात ‘मले-तुले’ बोलत वाढलेला मी हळूहळू असा झालो, की बायकोनं स्वयंपाकघरातून “भाजी जळून राह्यली” असं सांगितलं, तर मी आधी “जळते आहे” असं दुरुस्त करायचो आणि मग गॅस बंद करायचो. बायको मोर्शीची. ती म्हणायची, भाषा सुधरेपर्यंत भाजीचा कोळसा होते.

डॉक्टर कमी बोलायचे. पेशंट नसले की मला औषधांच्या जोड्या समजावून सांगायचे, कारण होमिओपॅथीत खरी पंचाईत जोड्यांची असते. अचानक ताप भरला तर अ‍ॅकोनाइट आणि अचानक ताप भरला तर बेलाडोनाही. पटकी लागल्यासारखे जुलाब झाले तर आर्सेनिक आणि व्हेरेट्रमही. बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखी. ते म्हणायचे, “सारखी औषधं म्हंजे जुळे भाऊ. आई कधी चुकत नाही. मामा हमखास चुकतो.” मला हे फार आवडलं. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. मामा कोण, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

वहीत मी तुलनेचा तक्ता आखला. डावीकडे एक भाऊ, उजवीकडे दुसरा. अ‍ॅकोनाइटचा माणूस घाबरलेला असतो, आता आपण जाणार असं त्याला वाटतं, पाणी पाणी करतो, अंग कोरडं आणि तापलेलं. बेलाडोनाच्या माणसाचा चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, आणि एवढा ताप असून पाणी मात्र फारसं मागत नाही. आर्सेनिकवाला घोट घोट पाणी पितो, व्हेरेट्रमवाला तांब्या तोंडाला लावतो आणि त्याच्या कपाळावर गार घाम येतो. तक्ता फार देखणा झाला होता. खात्यात असतो तर कार्यकारी अभियंत्यांनी त्यावर सही केली असती.

पहिला पेशंट घरातलाच मिळाला. एका दुपारी बायकोला एकदम ताप भरला. मी वही घेऊन पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि विचारलं, तहान लागते आहे का. ती म्हणाली, “लागून राह्यली. पन तुमी वही घेऊन बसले तं पानी कोन देईन?” मी ‘तहान: आहे’ असं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे गेलो. बाहुल्या मोठ्या झाल्यात का हे पाहायला मी तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या. बेलाडोना बाद. अ‍ॅकोनाइटच्या चार गोळ्या तिच्या जिभेवर ठेवल्या आणि दीड तासात ताप उतरला. मी ही केस डॉक्टरांना इतक्या उत्साहानं सांगितली की त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, डोळ्यात उजेड मारला की कोणाचीही बाहुली लहान होते. मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं तेव्हा तिनंही एक गोष्ट सांगून टाकली. टॉर्च आणायला मी आतल्या खोलीत गेलो होतो, तेवढ्यात तिनं तापाची साधी गोळी गिळली होती.

तक्त्यात एक रकाना नाडीचा होता. डॉक्टरांनी तो सगळ्यात आधी आखायला लावला होता. कोणताही अचानक आजारी पडलेला माणूस समोर आला की पहिले मनगट धरायचं, जुळे भाऊ नंतर. मला नाडी सापडायला त्रास व्हायचा. शेवटी मी अंगठ्यानं चाचपून पाहायला लागलो आणि ती चटकन लागायला लागली. अंगठ्यानं पाहिलं की आपल्याच अंगठ्यातले ठोके लागतात, हे मला उशिरा कळलं. तोवर गल्लीतल्या तीन-चार जणांच्या पानावर मी माझी नाडी लिहून ठेवली होती. त्यानंतर मी तिथे सरसकट ‘साधारण’ लिहू लागलो. रकाना रिकामा ठेवायचा नाही, ही सरकारी सवय.

आता ज्या जोडीसाठी हे सगळं सांगतो आहे, ती जोडी. ब्रायोनिया आणि रस टॉक्स. अंग मोडून येणाऱ्या तापात दोन्ही चालतात. फरक एकच, पण तो स्वच्छ आहे. रस टॉक्सच्या माणसाला चैन पडत नाही, तो सारखा कूस बदलतो, उठून चालला की त्याला बरं वाटतं. ब्रायोनियाच्या माणसाला जरा हलवलं तरी त्रास होतो. तो कोणाशी बोलत नाही, विचारलं तर चिडतो, बऱ्याच वेळानं एकदम पेलाभर पाणी पितो आणि परत आडवा होतो. माझ्या पुस्तकात, जे पुण्याकडच्या कोणी लिहिलेलं होतं, त्याचं वर्णन दोन शब्दांत होतं: ‘पडून राहतो’. मी त्याखाली लाल शाईनं रेघ मारली.

अकोल्याला माझी मोठी बहीण असते. ताई आणि भाऊजी, दोघंच. भाऊजी बार्शीटाकळीला शाळेत होते, मागेच निवृत्त झाले. माझ्या या विद्येवर घरात एकट्या ताईचा विश्वास होता. मी दहावीला पहिल्या वर्गात आलो तेव्हापासून तिचा माझ्यावर सरसकट विश्वास आहे. त्यामुळे मी माझ्यासारखीच एक पेटी तिला करून दिली. तीस शिश्या, प्रत्येकीच्या बुचावर चिठ्ठी. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, की कोणत्या गोष्टीत पेटी उघडायचीच नाही ते झाकणावर लिहून दे. त्यांनी तोंडी सांगितलं: छातीत दुखलं, दम कोंडला, चक्कर येऊन पडलं, तर सरळ दवाखाना. मी घरी येऊन सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘वक्षःस्थळी वेदना, श्वासावरोध, मूर्च्छा – त्वरित रुग्णालयाशी संपर्क साधावा.’ आणि ते ताईच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. अक्षर छान आलं होतं.

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. त्या दिवसांत अकोल्यात तापाची साथ होती. ज्याला फोन करावा त्याच्या घरी कोणीतरी आडवं झालेलं. सकाळी नऊच्या सुमारास ताईचा फोन आला.

“भाऊ, हे सकाळपासून पडून राह्यले गा.”

मी वही उघडली. मला पुढचं सगळं दिसायला लागलं होतं. साथीचा ताप, अंगदुखी, लाल शाईची रेघ. तरी मी शिस्तीनं एकेक प्रश्न विचारला. ताप आहे का? ताई म्हणाली, अंग तं थंडच लागते. मी लिहिलं: ‘ताप उतरलेला.’ हालचाल केली की वाढतं का?

“तेच तं सांगून राह्यली. उठले का पडते, उठले का पडते.”

मी लिहिलं: ‘उठताच पुन्हा आडवे होतात. हालचालीने वाढ.’ तहान? आताच एक गिलास गटागटा पाणी घेतलं, ती म्हणाली. बोलतात का? नाही, काही विचारलं तर म्हणतात मले विचारू नको. मी एकेका उत्तरापुढे बरोबरची खूण करत गेलो. आयुष्यात इतकी जुळणारी केस मी पाहिली नव्हती. पुस्तक लिहिणाऱ्यानं भाऊजींना पाहूनच ते पान लिहिलं असावं. नाडीच्या रकान्यापाशी पेन क्षणभर थांबलं. मग मी अमरावतीत बसून, शंभर किलोमीटरवरच्या माणसाच्या नाडीपुढे, ‘साधारण’ असं लिहिलं.

मी ताईला म्हणालो, ब्रायोनियाच्या चार गोळ्या दे, दर दोन तासांनी. नऊ, अकरा, एक. आणि त्यांना अजिबात उठवू नको. पडूनच राहू दे.

ती थोडी गोंधळली होती, हे आता आठवतं. “पडूनच राहू देऊ?” तिनं विचारलं. मी म्हणालो, हो, तेच औषधाला हवं असतं. तिनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला आणि भाऊजींना पलंगावर झोपवून ठेवलं.

बाराच्या आसपास पुन्हा फोन. या वेळी आवाज मोकळा होता.

“भाऊ, गोळ्यायनं फरक हाये बरं. आता नाही पडून राह्यले.”

मी टेबलावर हात आपटला. बायको ओट्याशी होती, तिनं वळून पाहिलं. दोन डोसांत आडवा माणूस उभा! मी ताईला सांगितलं, छान झालं, आता त्यांना बसवून ठेवू नको, हळूहळू चालू दे, अंगणात दोन फेऱ्या मारू दे, मोकळी हवा लागली की हुशारी येईल. एकचा डोस मात्र चुकवू नको. आणि वहीत लिहिलं: ‘लक्षणीय सुधारणा.’ हे दोन शब्द लिहायला मला फार आवडतात. खात्यात असताना कालव्यांबद्दल लिहायचो.

दीडच्या सुमाराला तिसरा फोन आला. मी जेवायला बसलो होतो, हात खरकटा, म्हणून बायकोनं तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

ताई म्हणाली, “हे पडले वं. धुन्याच्या दगडावर पडले. कपायातून रगत येऊन राह्यलं.”

रक्त येऊन राहिलेलं नव्हतं. ते येत होतं. माझ्या डोक्यात हे वाक्य आपोआप दुरुस्त झालं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, आणि दुरुस्त होता होताच सकाळचं वाक्य त्याच्या शेजारी येऊन उभं राहिलं. पण बायको माझ्यापुढे होती. तिनं विचारलं, “ताई, सकाळी बी पडलेच होते का थे?”

“तं काय! तवापासून सांगून राह्यली ना मी याले, पडून राह्यले, पडून राह्यले. तीन डाव पडले सकाळी. एकदम डोळे फिरवते अन् पडते.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं ताईला सांगितलं, शेजारच्यांना हाक मार, गाडी बोलव, त्यांना आडवं घालूनच दवाखान्यात ने, जो जवळ असेल त्या. मग तिनं फोन ठेवला, माझ्या ताटातला वरणभात झाकला आणि म्हणाली, चला.

जे अजून गोंधळलेले असतील, म्हणजे जे वऱ्हाडातले नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे ‘जाऊन राह्यलो’ म्हणजे जातो आहे, ‘खाऊन राह्यलो’ म्हणजे खातो आहे, आणि ‘पडून राह्यलो’ म्हणजे पडतो आहे. धडाधड, जमिनीवर. हे परतवाड्यातल्या शेंबड्या पोराला कळतं. मीही तिथलाच शेंबडा पोर होतो. पण बहिणीचं वाक्य मी बहिणीच्या भाषेत ऐकलं नाही. पुस्तकाच्या भाषेत ऐकलं, आणि तिथं रुग्ण गादीवर निवांत पडून होता. दुपारी ती म्हणाली ‘आता नाही पडून राह्यले’, म्हणजे आता पडत नाहीत, कारण मीच त्यांना झोपवून ठेवायला लावलं होतं. मला वाटलं, उठून बसले. म्हणून मी त्यांना चालायला लावलं.

बसमध्ये, मूर्तिजापूर आलं तेव्हा, मी डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “नाडी किती होती?”

मी म्हणालो, साधारण.

“कोनी मोजली?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कपाशीची शेतं मागे जात होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, हृदयाचे ठोके कमी पडत असतील, तिथं पोचल्याबरोबर कार्डिओग्राम काढायला सांगा. ते मला रागावले नाहीत. पेशंट नसून बाकावर बसणाऱ्याला ते कधीच रागावले नव्हते.

आम्ही पोचलो तोवर दवाखान्यात ते सगळं झालेलं होतं. नाडी मिनिटाला चौतीस. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांना जो निरोप जातो तो वाटेतच अडत होता, असं तिथल्या तरुण डॉक्टरनं समजावलं. माणूस उभा राहिला की मेंदूला रक्त पुरत नाही आणि तो कोसळतो. कपाळाला चार टाके घातले होते. मानेच्या बाजूनं तात्पुरती तार आत सोडली होती आणि दोन दिवसांनी छातीच्या कातड्याखाली पेसमेकर बसवायचा होता. भाऊजी शुद्धीवर होते. मला पाहून त्यांनी हात वर केला, बसा म्हटल्यासारखा.

तरुण डॉक्टर म्हणाला, सकाळभर यांना झोपवून ठेवलं हे फार चांगलं केलं. मग दुपारी उठवलं कोणी?

भिंतीवर हात कसे धुवावेत याची सहा चित्रं होती, ती मी क्रमानं वाचली. चौथ्या चित्रापाशी असताना ताई बोलली.

“माह्यंच चुकलं, साहेब. एकची गोळी मी दीडले देतो म्हटलं. भाकरी टाकून राह्यली होती. अर्धा तास वेळ झाला, अन् हे पडले.”

डॉक्टरला यातलं काहीच कळलं नाही. कुठली गोळी, असं त्यानं विचारलं, तेवढ्यात त्याला दुसरीकडे बोलावणं आलं. मला मात्र सगळं कळलं. बायकोलाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाचव्या चित्राकडे वळलो.

पेसमेकर बसला. भाऊजी घरी आले. सगळे खूश झाले आणि माझी वाईट अवस्था सुरू झाली. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, भाऊच्या गोळ्यांनी दुपारपर्यंत माणूस धरून ठेवला, मी कमनशिबी, भाकरीपायी घालवत होते. पुढच्या महिनाभरात माझ्या विद्येची कीर्ती बार्शीटाकळीपर्यंत गेली. मला तिकडून दोन फोन आले. खोटं कशाला बोलू, पहिला फोन आला तेव्हा मला थोडं बरंही वाटलं होतं. अ‍ॅकोनाइट आणि बेलाडोनातला फरक मी त्या गृहस्थाला दहा मिनिटं समजावून सांगितला. दुसऱ्याला मी सरळ दवाखान्यात पाठवलं आणि तो माझ्या विनयाबद्दल चार ठिकाणी बोलला.

ताई रोज फोनवर सांगायची, ते मी बायकोपासून लपवायचो आणि ती मला विचारून काढून घ्यायची. ताईनं मोबाइलमध्ये दर दोन तासांनी वाजणारा अलार्म लावला होता, गोळ्यांसाठी. ती आता अकरालाच भाकरी उरकून घ्यायची, म्हणजे एक वाजता हात मोकळे. पोथीला जाणं तिनं बंद केलं होतं. भाऊजी न्हाणीत गेले की दाराबाहेर उभी राहायची. मी म्हणालो, ताई, आता मशीन बसलं आहे, गोळ्यांची गरज नाही. ती म्हणाली, तू म्हनतं तं खरं, पन मागच्या डावाले अर्ध्या तासानं काय झालं, पाह्यलं ना.

शेवटी बायको म्हणाली, “तुमी सांगता का मी सांगू?”

मी म्हणालो, योग्य वेळी सांगेन. ती म्हणाली, योग्य वेळ म्हणजे भाऊबीज, त्या दिवशी तुम्हाला तसंही जावं लागेल.

भाऊबिजेला आम्ही अकोल्याला गेलो. भाऊजी ओसरीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होते, कपाळावर टाक्यांची गुलाबी रेघ. ताईनं पाट मांडला, मला बसवलं, ताटात निरांजन लावलं. कुंकू लावायला तिनं बोट पुढे केलं आणि आत मोबाइल वाजला. एक वाजला होता.

तिनं पेटलेल्या निरांजनासकट ताट माझ्या हातात दिलं आणि आत गेली. मी पाटावर, स्वतःचं ओवाळणीचं ताट स्वतः धरून. दाराच्या चौकटीतून मला दिसत होतं: तिनं पेटी उघडली, ब्रायोनियाची शिशी काढली, बुचात चार गोळ्या मोजल्या, घड्याळाकडे पाहिलं. मग बाहेर येऊन भाऊजींपुढे धरल्या. भाऊजींनी पेपर खाली न घेता तोंड उघडलं. त्यांना सवय झाली होती.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं हातातला डाव खाली ठेवला.

मी म्हणालो, “ताई, उशिरानं काही झालं नव्हतं.”

ती माझ्याकडे वळली. मग मला सगळं सांगावं लागलं. गोळ्यांनी सकाळी काही केलं नव्हतं, ते झोपून होते म्हणून पडले नाहीत. गोळी वेळेवर दिली असती तरी ते पडलेच असते, कारण मी त्यांना अंगणात चालायला लावलं. आणि चालायला लावलं, कारण तू म्हणालीस आता पडून नाही राह्यले.

“नव्हतेच पडून राह्यले,” ती म्हणाली.

“मला वाटलं, उठून बसलेत.”

निरांजनाखालचं ताट माझ्या हातात तापायला लागलं होतं.

“म्हंजे सकाळी मी पडून राह्यले म्हटलं, तवा तुले काय वाटलं?”

“झोपून आहेत.”

भाऊजींनी पेपर खाली घेतला. ताई माझ्याकडे पाहत होती, पण तिच्या नजरेत राग दिसेना. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला विचारावं, तसं तिनं विचारलं:

“तू कोठचा हायेस रे?”

मी आजवर पुष्कळ ठिकाणी उत्तरं दिली आहेत. विधानसभेच्या तारांकित प्रश्नालाही दिली आहेत. या वेळी मी हातातलं ताट सांभाळत बसलो.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. “म्हंजे भाकरीनं नाही झालं,” ती म्हणाली. मी म्हणालो, नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “अर्धा तास वेळ झाला, त्यानंही नाही.” मी म्हणालो, नाही, त्यानंही नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग आत जाऊन मोबाइल आणला, अलार्म कसा काढतात ते बायकोला विचारलं, आणि एकेक करून सगळे काढून टाकले. सहा होते.

त्यानंतर पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. झाकण उघडून आतल्या कागदावर बोट ठेवलं. हे काय लिहिलं तू, तिनं विचारलं. मूर्च्छा. मी म्हणालो, चक्कर येऊन पडणं. ती म्हणाली, मले वाटलं मिरगी असन. बाकीचे दोन शब्द तिनं कधी वाचलेच नव्हते, मोठे होते म्हणून.

“पेन काढ,” ती म्हणाली. “मी सांगतो तसं लिही.”

मी ताट खाली ठेवून लिहून घेतलं. ‘छाती दुखून राह्यली, दम लागून राह्यला, नाहीतं मानूस पडून राह्यला, तं डबा उघडू नका. दवाखान्यात न्या.’ बत्तीस वर्षांत मला कोणी इतकी स्वच्छ टिपणी सांगितली नव्हती. लिहून झाल्यावर माझं पेन शेवटच्या वाक्यावर घुटमळलं. ‘पडून’च्या आधी ‘चक्कर येऊन’ घालावं का, म्हणजे गैरसमज नको.

तिनं ते बरोबर ओळखलं. “इथं कोनाचा नाही होत,” ती म्हणाली. “तुह्या डब्यावर घाल.”

जुना कागद खरवडून नवा चिकटवला. निरांजन एव्हाना विझलं होतं, ते तिनं परत लावलं. कुंकू मात्र गरजेपेक्षा जरा जोरात लावलं, कपाळ मागे गेलं माझं. बायको तोंड फिरवून हसली. भाऊजींनी सगळं पाहिलं, ऐकलं, पेपरची घडी घातली. महिनाभर त्यांच्या तोंडात दर दोन तासांनी गोड गोळ्या पडत होत्या, त्या आता बंद होणार याचं त्यांना किती वाटलं ते सांगता येत नाही. ते शिक्षक होते, चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत.

जेवणं झाली. पुरी-बासुंदीनं सगळे जड झाले होते. भाऊजी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि म्हणाले, “मी पडतो जराक.”

मी उडी मारली. पाण्याचा तांब्या लवंडला. दोन ढांगांत मी त्यांच्यापाशी पोचलो आणि दोन्ही हातांनी त्यांचा दंड घट्ट धरला.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मोठ्या धीरानं, वर्गातल्या सगळ्यात मागच्या पोराला समजावून सांगावं तसं, म्हणाले:

“झोपाले चाल्लो गा.”